दोन वृद्ध, एकच बाजार

चेन्नईच्या बाजारांत दूध, भाजीपाला, तेल यांचे भाव नियमाने टिपले जातात. देशातील अशा अनेक केंद्रांच्या नोंदींवरून औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक सिद्ध होतो. तो चढला की केंद्र सरकारच्या निवृत्त सेवकास वर्षातून दोनदा, जानेवारी व जुलैपासून, महागाई वाढ मिळते. त्यासाठी त्याला कोणाची विनवणी करावी लागत नाही.

त्याच दुकानाशी एखादी निराधार वृद्धाही उभी असते. तिच्यासारख्यांसाठी मद्रास राज्याने 1962 साली दरमहा 20 रुपयांचे वृद्धापवेतन सुरू केले. तमिळनाडूत ते 2011 साली 1000 रुपये झाले. पुढील वाढ झाली ती ऑगस्ट 2023 मध्ये, 1200 रुपये. बारा वर्षांत वेतन एक पंचमांशाने वाढले, निर्देशांक मात्र सुमारे दुप्पट झाला. म्हणजे वाढीव 1200 रुपयांत 2011 सालच्या जेमतेम 600 रुपयांचा जिन्नस येऊ लागला. वेतन घटविण्याचा हुकूम कोणी काढला नव्हता. ते जागच्या जागी झिजले.

निराधारांचे वेतनही निर्देशांकाशी बांधले, तर खजिन्यावर भार पडेल, हा आक्षेप खराच आहे. तथापि वेतन न वाढविल्याने तो भार टळत नाही. तो त्या वृद्धेच्या ताटावर पडतो. तिच्या बाजारातले भाव सरकार टिपतेच. त्या टिपणाचा लाभ तिलाही ठरल्या तारखेस मिळावा, एवढीच न्यायाची मागणी आहे.