आधी पाणी, मग गाव

(गणेशोत्सवात नाट्यवाचनापूर्वी मंडळाच्या नाट्यविभागातर्फे केलेले मनोगत)



आज आम्ही वाचणार आहोत ते रहस्यनाट्य आम्हीच लिहिले आहे. आम्ही डिप्लोमा करून सरकारी नोकरीला लागलेली माणसे. चूकभूल पदरात घ्यावी.

कल्पना सुचली अगाथा ख्रिस्तींच्या ‘द माउसट्रॅप’वरून. लंडनमध्ये १९५२ पासून चालत आलेले हे नाटक कोरोनामुळे थांबले आणि २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाले. बर्फाने रस्ते बंद झालेल्या घरात अनोळखी पाहुणे अडकतात, खुनी त्यांच्यातलाच.

आपल्याकडे बर्फ कुठला? पण भीमेचा पूर आहे. म्हणून आम्ही गाणगापूरची एक धर्मशाळा घेतली, साल १९४८, महिना सप्टेंबर. तेव्हा नदीच्या अलीकडे निजामाचे राज्य, पलीकडे विजापूर जिल्हा, म्हणजे मुंबई प्रांत. पलीकडे पोचला तो सुटला. आमच्या गोष्टीत नावा बंद आहेत, आत सातजण, आणि त्यांत एक रझाकारांचा खबऱ्या.

पहिल्या खर्ड्यात खबऱ्या कोण, हे नाव ऐकताच कळत होते. वाचन ऐकून आपल्यातल्या एक आजी म्हणाल्या, “अरे, एरवी दारी आलेल्याला आधी पाणी द्यायचं, मग गाव विचारायचं. त्या वर्षी लोक आधी गाव विचारू लागले. तुम्हीही तेच करताय.”

आम्ही गप्प झालो. ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान रझाकारांविरुद्ध लिहीत, १९४८ च्या ऑगस्टमध्ये हैदराबादेत त्यांचा खून झाला. नावावरून माणूस जोखणाऱ्याने त्यांना कुठल्या बाजूला बसवले असते?

आणि हे आपल्याला कुणी शिकवायला हवे का? पिढ्यान् पिढ्या अफजलपुरात राहूनही आपल्याला इथे विचारतात, “तुम्ही मूळचे कुठले?” सोलापूरला लग्नाला गेलो की तिथेही तोच प्रश्न.

म्हणून शेवट आम्ही बदलला. कुणावर संशय घ्यायचा ते तुम्हीच ठरवा. मात्र घ्याल तेव्हा तो का घेतला, हेही मनाला विचारा. १७ सप्टेंबरला निजाम शरण आला, पूर ओसरला. धर्मशाळेतला तो संशय ओसरला का, एवढेच आमचे नाटक विचारते.

रहस्य बाहेर सांगू नका. आजींचे वाक्य मात्र जरूर सांगा.

गणपती बाप्पा मोरया!