बसून वाचण्याची जागा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



सभेत बोलण्याची मला सवय नाही. परंतु मागच्या बैठकीत निघालेली एक गोष्ट मनातून जाईना, म्हणून उभी राहिले आहे. आपले पुस्तकांचे कपाट विकून टाकावे, वाचते कोण, असे त्या दिवशी काहींचे म्हणणे पडले.

माझ्याजवळ एका जुन्या पुस्तकात एक चित्र आहे. लाकडाच्या ठोकळ्यावर कोरून छापलेले, बारीक रेघांचे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील वाचनगृह त्यात दाखविले आहे. हे वाचनगृह १८५७ च्या मे महिन्यात उघडले. त्याच महिन्यात आपल्याकडे मीरतेला उठाव झाला. वर १४० फूट व्यासाचा घुमट, मधोमध ग्रंथपालाची जागा आणि तिच्यापासून गाडीच्या चाकाच्या आऱ्यांप्रमाणे निघालेली मेजे. तीनशेच्या सुमारास माणसे एका वेळी बसत. आगीच्या भयाने गॅसचे दिवे लावीत नसत, त्यामुळे धुके दाटले की वाचन बंद. १८७९ साली विजेचे दिवे आले तेव्हा कोठे संध्याकाळ वाचकांच्या हाती लागली.

तेथे दोन रांगा स्त्रियांसाठी राखून ठेवलेल्या होत्या. गंमत अशी की पुष्कळ स्त्रिया त्या सोडून मनास येईल तेथे बसत!

पुढे याच घुमटाखाली आपले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२० नंतर लंडनला शिकत असताना तासन्‌तास वाचीत बसत. १९५४ साली आपल्या भंडारा मतदारसंघातून पोटनिवडणुकीला उभे राहिले ते हेच बाबासाहेब. त्यांनी दादरला ‘राजगृह’ बांधले ते ग्रंथांना जागा हवी म्हणून. परंतु त्याच्या आधी त्यांनाही परक्याच्या दारी एक खुर्ची मिळावी लागली.

आता माझे सांगते. लग्न होऊन आले तेव्हा गावातल्या वाचनालयात बायका जात नसत. धाकटे भावोजी पुस्तक आणून देत, पण त्यांना आवडेल तेच. एरवी किराण्याच्या पुड्यांचे कागद सोडवून मी चुलीपुढे वाची. गोष्ट अर्धीच राही. उरलेली दुसऱ्या कोणाच्या मिठाला गुंडाळून गेलेली! सासूबाई रागावत नसत. पण मी वाचताना दिसले की त्यांना काम आठवे. पुस्तक हाती होते, बसायला जागा मात्र नव्हती.

म्हणून मला वाटते, आपले कपाट कुलपात आहे हे खरे दुखणे आहे. पुस्तक घरी नेले की ते उतरंडीजवळ पडून राहते. कपाट विकू नका. शनिवारी दुपारी दोन तास हे सभागृह उघडे ठेवा, दोन सतरंज्या घाला, आणि त्या वेळात कोणीही कोणाला काम सांगू नये एवढा नियम करा. किल्ली मी सांभाळीन. सुनांना घेऊन या, सासवांनीही यावे.

वैनगंगेच्या काठी घुमट नको. चार भिंती पुरेत.