बुद्धीची परीक्षा आणि बुद्धीचे ऋण

(डोंबिवली येथे पालकांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



ठाणे असो, कल्याण असो वा डोंबिवली, आपल्या मध्यमवर्गीय घरांत परीक्षा हा आता कुळाचाराचाच भाग झाला आहे. शिष्यवृत्ती परीक्षा, होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा आणि नाना प्रकारची ऑलिंपियाडे यांच्या जोडीला ‘मेन्सा’च्या प्रवेशपरीक्षेचीही चौकशी होऊ लागली आहे. “मुलाला बसवावे का?” असे पालक विचारतात. उत्तर देण्यापूर्वी ही परीक्षा काय मोजते, ते पाहू.

मेन्सा ही संस्था १९४६ साली ऑक्सफर्ड येथे रोलंड बेरिल आणि लान्सलॉट वेअर यांनी स्थापन केली. ‘मेन्सा’ या लॅटिन शब्दाचा अर्थ मेज. या मेजाभोवती बसणारे सारे समान, ही त्यामागील कल्पना. जात, संपत्ती, पदवी येथे विचारली जात नाही. मान्यताप्राप्त बुद्धिमापन कसोटीत वरच्या दोन टक्क्यांत स्थान मिळाले पाहिजे, एवढीच अट. भारतात या संस्थेचे कार्य दीर्घकाळ पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीच्या वास्तूतून चालले.

अशा कसोट्यांत पाठांतराला वाव नसतो. जे. सी. रेव्हन यांनी १९३८ साली प्रसिद्ध केलेल्या कसोटीत आकृत्यांची मांडणी असते, त्यातील एक जागा रिकामी असते आणि तेथे कोणती आकृती शोभेल ते ओळखायचे असते. म्हणजे मापन होते ते संगती शोधण्याच्या शक्तीचे. धैर्य, चिकाटी, करुणा, सचोटी यांचे मापन तेथे होत नाही, आणि तसा कोणाचा दावाही नाही.

आकड्यांचेही तसेच आहे. वरच्या दोन टक्क्यांची सीमा वेश्लरच्या श्रेणीवर सुमारे १३०, तर कॅटेलच्या श्रेणीवर १४८ येते. मूल तेच, आकडे दोन! मग शेजारच्या मुलाचा बुद्ध्यंक ऐकून आपल्या मुलाकडे खिन्नपणे पाहण्यात काय अर्थ? आणि या परीक्षेसाठी शिकवणी लावणे म्हणजे तापमापक गरम पाण्यात बुडवून ताप पाहण्यासारखे आहे. पारा चढेल, पण प्रकृतीचे ज्ञान होणार नाही.

बुद्धिमापनाचा मूळ हेतू आपण विसरलो आहोत. १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी पहिली कसोटी रचली, ती शाळेत मागे पडणाऱ्या आणि विशेष साहाय्याची गरज असलेल्या मुलांना हुडकण्यासाठी. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी ती मराठी आणि कन्नड मुलांसाठी रूपांतरित केली आणि १९४० साली त्यावर ग्रंथ लिहिला. मदतीसाठी जन्मलेले हे साधन मिरविण्याचे भूषण झाले, तर दोष साधनाचा नाही.

यात पणाला लागलेले असते ते दहा-अकरा वर्षांचे कोवळे मन. शंभरांतील अठ्ठ्याण्णव मुलांना या संस्थेत प्रवेश मिळत नाही, कारण कसोटीची रचनाच तशी आहे. परंतु “आपण हुशार नाही” हा शिक्का आई-वडिलांच्या चेहऱ्यावर वाचलेले मूल तो आयुष्यभर वागवते. उत्तीर्ण झालेल्याचा धोका निराळा. “मी जात्याच हुशार” या समजुतीने कष्टाची सवय सुटते.

आणि ज्यांना ही परीक्षा असते हेच ठाऊक नाही, त्यांचे काय? कल्याणहून कसाऱ्याकडे जाणारी गाडी आसनगावला थांबते. तेथून शहापूरच्या, आणि कल्याणहून रस्त्याने मुरबाडच्या, वाड्या-पाड्यांत पोहोचता येते. तेथील कातकरी वा ठाकर मुलालाही आकृत्यांची संगती कळू शकते, कारण आकृतीला ना इंग्रजी लागते, ना शिकवणी. पुण्यातील मेन्साच्या कार्यकर्त्यांनी आदिवासी मुलांतील प्रज्ञा शोधून तिचे संगोपन करण्याचा उपक्रम हाती घेतला, तो याच जाणिवेतून. अप्पा पेंडसे यांनी १९६२ साली ज्ञान प्रबोधिनी स्थापन केली, तीही बुद्धिमंतांनी समाजाच्या कामी यावे या ध्येयाने.

तेव्हा माझे उत्तर असे : मुलाला कुतूहल असेल तर अवश्य बसवा. आदल्या रात्री त्याला वेळेवर झोपू द्या. निकाल काहीही लागो, जेवणाच्या ताटावर त्याचा बुद्ध्यंक वाढू नका. प्रवेश मिळाला, तर पेढे वाटण्याबरोबर त्याला एखाद्या रविवारी शहापूरच्या आश्रमशाळेत घेऊन जा. तेथील मुलांबरोबर त्याला कोडी सोडवू द्या. आपल्याइतकीच तल्लख आणि आपल्याहून कमी संधी मिळालेली मुले त्याला तेथे भेटतील.

बुद्धी ही कोणी कमावलेली मालमत्ता नव्हे, ते लाभलेले धन आहे. आपल्या परंपरेने देवऋण, ऋषिऋण, पितृऋण सांगितले. लाभलेल्या बुद्धीचेही ऋण असते, आणि ते फेडण्याची परीक्षा कोणत्याही मेजावर बसून देता येत नाही.