तरुणांच्या छातीतील दुखणे : भय नको, दुर्लक्षही नको

(सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या युवक मेळाव्यातील भाषण)

 

विश्वस्त मंडळाने मला आरोग्यावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आहे. मी डॉक्टर नव्हे, कापडाचा व्यापारी आहे. उपचार सांगण्याचा मला अधिकार नाही. परंतु समाजातील घराघरांत वावरताना एक गोष्ट सतत जाणवते. पंचविशी-तिशीतील मुलाच्या छातीत दुखू लागले की घरात दोनच प्रतिक्रिया उमटतात. एक जण "या वयात कसले हृदय! गॅस असेल" म्हणून ओवा पुढे करतो, दुसरा हृदयविकाराच्या भयाने हवालदिल होतो. या दोन टोकांच्या मध्ये विवेकाचा मार्ग आहे.

प्रथम दिलासा देणारी बाब सांगतो. तरुण वयात छातीत दुखण्याचे कारण बहुतेक वेळा हृदयाबाहेरचे असते. जठरातील आम्ल अन्ननलिकेत वर आले की छातीच्या मध्यभागी जळजळ होते. जेवणानंतर लगेच आडवे झाल्यास ती वाढते. सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याचा आपला नियम येथे शरीरालाही उपकारक ठरतो, कारण जेवण आणि निद्रा यांत काही तासांचे अंतर राहते. दुसरे कारण स्नायूंचे. दुकानात कापडाच्या गाठी उचलणाऱ्या किंवा व्यायामशाळेत नव्याने जाणाऱ्या मुलाचे स्नायू ताणले जातात. कधी बरगड्या छातीच्या मधल्या हाडाला जेथे जुळतात तेथील कूर्चेला सूज येते. अशी वेदना दाबल्यावर किंवा कूस बदलल्यावर अधिक जाणवते.

तिसरे कारण मनाचे. परीक्षा, नोकरी, कर्जाचे हप्ते यांच्या ताणामुळे एकाएकी छाती धडधडते, श्वास अपुरा वाटतो, हातापायांना मुंग्या येतात. हे सोंग नव्हे. ती वेदना खरी असते आणि तिच्यावर उपचारही आहेत. मात्र "हे मनाचेच आहे" असा निर्णय तपासणीनंतर डॉक्टरांनी द्यावा, घरच्यांनी नव्हे.

काही कारणे फुप्फुसाची असतात. न्यूमोनिया किंवा फुप्फुसाच्या आवरणाला आलेली सूज यांत खोल श्वास घेताना कळ येते. उंच, सडपातळ तरुणांत, विशेषतः धूम्रपान करणाऱ्यांत, फुप्फुसातून हवा गळून अचानक एका बाजूला दुखू लागते व धाप लागते. पाय प्लॅस्टरमध्ये असताना, दीर्घ प्रवासानंतर किंवा बाळंतपणानंतर पायातील रक्ताची गुठळी फुप्फुसात जाऊ शकते. या अवस्थांत विलंब धोक्याचा ठरतो.

आणि हृदय? विषाणूजन्य तापानंतर हृदयाच्या स्नायूला किंवा आवरणाला सूज येऊ शकते. हृदयविकाराचा झटका तरुणांत कमी आढळतो, पण येतच नाही असे नाही. ५२ देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' पाहणीतील २००७ साली प्रसिद्ध झालेल्या माहितीनुसार पहिला झटका येण्याचे सरासरी वय दक्षिण आशियात ५३ वर्षे, तर इतरत्र सुमारे ५९ वर्षे आढळले. आपण शाकाहारी आहोत, म्हणून निर्धास्त राहावे असेही नाही. तंबाखू, मधुमेह, रक्तदाब, वाढलेले कोलेस्टेरॉल आणि दिवसभराची बैठक ही कारणे शाकाहाऱ्यालाही सोडत नाहीत. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ साली बंदी आली. ती आपल्या खिशातही यावी. वडिलांना किंवा काकांना कमी वयात हृदयविकार झाला असेल, तर मुलांनी विशीतच कोलेस्टेरॉल तपासून घ्यावे.

आता लक्षात ठेवण्याची लक्षणे. छातीवर दगड ठेवल्यासारखा दाब. हात, जबडा किंवा पाठीकडे जाणारी वेदना. घाम, मळमळ, धाप, भोवळ. श्रम करताना येणारे व थांबताच कमी होणारे दुखणे. यांपैकी काही आढळल्यास घरी प्रयोग करू नयेत. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रुग्णाने स्वतः स्कूटर चालवत जाऊ नये. पहिला ई.सी.जी. निर्दोष आला तरी डॉक्टर तो पुन्हा काढतात, ट्रोपोनिन नावाची रक्ततपासणी करतात. तेवढा वेळ थांबावे; घरी जाण्याची घाई करू नये. स्त्रिया व मधुमेही यांच्यात लक्षणे सौम्य असू शकतात, हेही ध्यानी असावे.

एक नाजूक विषय मुद्दाम मांडतो. रात्री दुखू लागले, चौविहाराचे पच्चक्खाण आहे, म्हणून सकाळच्या नवकारशीपर्यंत सोसत बसण्याची वृत्ती आपल्याकडे आढळते. अठ्ठाईच्या तपस्व्यांत ती अधिक दिसते. भावना वंदनीय आहे. पण रुग्णालयात जाण्याने किंवा ई.सी.जी. काढण्याने व्रताला बाधा येतेच कुठे? शिवाय श्वेतांबर परंपरेतील पच्चक्खाणाच्या पाठातच सर्वसमाधीचा आगार ठेवलेला आहे. तीव्र पीडेने समाधी ढळू लागली असता औषध घेतल्यास पच्चक्खाणाचा भंग होत नाही, असा त्याचा आशय आहे. दिगंबर बांधवांनी आपापल्या गुरूंकडून मार्गदर्शन घ्यावे. ज्यांना नित्य औषधे चालू आहेत, त्यांनी तप आरंभण्यापूर्वीच गुरुमहाराज आणि डॉक्टर या दोघांनाही विचारावे.

उत्तराध्ययन सूत्रात ज्या चार गोष्टी दुर्लभ सांगितल्या आहेत, त्यांत मनुष्यत्व पहिले आहे. ते संकोचापायी किंवा "सकाळी पाहू" या दोन शब्दांपायी गमावणे हे तप नव्हे.

ट्रस्टला माझी नम्र विनंती आहे. चोवीस तास ई.सी.जी.ची सोय असलेल्या जवळच्या रुग्णालयाचे नाव व दूरध्वनी क्रमांक उपाश्रय, धर्मशाळा आणि विद्यार्थी वसतिगृहाच्या फलकावर ठळकपणे लावावा. वसतिगृहातील मुलाजवळ रात्री आई-वडील नसतात; त्याला तो फलक आधार देईल. खर्च नगण्य आहे, पण एखादे घर त्यामुळे वाचू शकेल.

 जिनाज्ञेविरुद्ध काही बोलले गेले असल्यास त्रिविधे मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र.