आसन आणि त्याचे मोल
(व्याख्यानाची संहिता)



वास्तू उभी राहिली की कोनशिलेवर देणगीदारांची आणि वास्तुविशारदाची नावे कोरली जातात. मात्र त्या वास्तूत दिवसभर बसणाऱ्याच्या पाठीचा विचार कोणी केला, याची नोंद सहसा कोठेही आढळत नाही. ही नोंद नसल्याने काय घडते, हे चंदिगडच्या उदाहरणावरून पाहण्यासारखे आहे.

१९४७ च्या फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेले आणि पूर्व पंजाब राजधानीवाचून उरला. नव्या राजधानीच्या रचनेचे काम ल कॉर्बुझिए यांच्याकडे आले. त्यांचे चुलत बंधू व सहकारी पिएर जानरे १९५१ पासून १९६५ पर्यंत तेथेच राहिले. सचिवालय, उच्च न्यायालय, पंजाब विद्यापीठ, ग्रंथालये, वसतिगृहे अशा अनेक वास्तू एकाच वेळी उभ्या राहत होत्या. त्यांसाठी हजारो खुर्च्या, मेजे व कपाटे हवी होती आणि खर्चाला मर्यादा होती. जानरे यांनी युली चौधरी आदी भारतीय सहकाऱ्यांसह जे साहित्य योजिले, ते साग, शिसव व वेत या येथल्याच वस्तूंतून आणि येथल्याच सुतारांच्या हातून घडले.

त्या खुर्चीचे पाय उघडलेल्या कर्कटकासारखे तिरके असतात. रचना साधी असल्यामुळे ती अनेक सुतारांना अनेक ठिकाणी करता आली. बैठक व पाठ वेताची असल्याने पंजाबच्या उन्हाळ्यात हवा खेळती राहते. वेत फाटला तर तो नव्याने विणता येतो. सांगाडा तसाच टिकतो. पाठीवर रंगाने खात्याचे संक्षिप्त नाव व क्रमांक लिहिलेला असे. खुर्ची कोणाची आणि तिची जागा कोणती, हे त्या अक्षरांवरून शिपायालाही कळे.

पुढे नवे साहित्य आले. वेत विणून घेण्याऐवजी जुन्या खुर्च्या गच्चीवर व आवारात रचल्या गेल्या आणि भंगार म्हणून लिलावात निघाल्या. परदेशी व्यापाऱ्यांनी त्या रीतसर विकत घेतल्या, दुरुस्त केल्या आणि युरोप-अमेरिकेच्या लिलावांत त्यांना लाखो रुपयांच्या बोली लागल्या. पाठीवरची ती कार्यालयीन अक्षरे तेथे अस्सलपणाची खूण ठरली! २०११ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने या साहित्याच्या विक्रीस मनाई केली. शहरातील अशा १२,७९३ वस्तूंची यादीही झाली. तथापि १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात अशा वस्तूसाठी शंभर वर्षांची अट आहे. त्यामुळे बाहेर गेलेल्या खुर्च्यांना त्या कायद्याचा आधार मिळत नाही.

येथे खरेदीदाराला दोष देणे सोपे आहे. परंतु त्याने बोली लावून माल घेतला. चूक घडली ती हिशेबाच्या वहीत. घसारा वजा होत होत वस्तूची पुस्तकी किंमत नाममात्र उरते आणि तीच तिची खरी किंमत असे गृहीत धरले जाते. घसारा हा हिशेबाचा संकेत आहे; लाकडाची मजबुती व कारागिराची बुद्धी त्यात मोजली जात नाही.

म्हणून कोणत्याही संस्थेने साहित्याचे निर्लेखन करण्यापूर्वी ते कोणी घडविले, ते दुरुस्त होऊ शकते काय आणि तसेच नवे करण्यास आज किती खर्च येईल, हे लेखी नोंदवावे. नवी खरेदी करतानाही केवळ दरपत्रक पाहू नये. बसणारा किती वेळ बसणार आहे, गावातला सुतार ती वस्तू दुरुस्त करू शकेल काय, आणि प्रथमच येणाऱ्या वृद्धाला दारावरची पाटी चष्म्याविना वाचता येईल काय, हे पडताळून पाहावे. या पडताळणीला पैसे पडत नाहीत. थोडा वेळ मात्र द्यावा लागतो.

१९६७ मध्ये जिनिव्हा येथे जानरे यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांची रक्षा चंदिगडच्या सुखना तलावात विसर्जित करण्यात आली. ज्या शहराला त्यांनी बसावयास आसन दिले, त्याच शहराला त्यांची आसने भंगार वाटावीत, ही खेदाची गोष्ट आहे. आपापल्या संस्थेच्या गच्चीवर आज काय रचून ठेवले आहे, ते प्रत्येकाने एकदा पाहून यावे, एवढीच विनंती.