हात पोचत नाही तिथला कॅमेरा

घाटनांदूरहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय. आज सूर्याचे फोटो काढणाऱ्या एका कॅमेऱ्याची गोष्ट सांगायची आहे. पुण्याच्या आयुका या संस्थेने इस्रोच्या साथीने तो तयार केला, आणि आता तो आपल्यापासून 15 लाख किलोमीटर लांब आहे. चंद्र 3 लाख 84 हजार किलोमीटरवर आहे, म्हणजे चंद्राच्या जवळजवळ चौपट लांब. आपल्या बोअरची मोटर जळली तर मेकॅनिक येतो, दोन दिवस उशिरा का होईना, पण येतो. तिथे पान्हा घेऊन जाणारं कुणीच नाही. एक स्क्रू ढिला निघाला, एक झाकण उघडलं नाही, तर दहा वर्षांची मेहनत तिथेच संपली. म्हणून आज आम्ही जास्त बोलणार आहोत ते त्याच्या तपासणीबद्दल.

कॅमेऱ्याचं नाव आहे सूट. दुकानातली सूट नव्हे हं! सोलर अल्ट्राव्हायोलेट इमेजिंग टेलिस्कोप या लांबलचक नावाची आद्याक्षरं जोडून ते झालं आहे. आदित्य एल-1 या यानावर सात उपकरणं आहेत, त्यातलं हे एक. आयुकाचे दुर्गेश त्रिपाठी आणि ए. एन. रामप्रकाश हे दोन शास्त्रज्ञ या कामाचे प्रमुख. आयुका म्हणजे पुणे विद्यापीठाच्या आवारातली, जयंत नारळीकरांनी उभी केलेली संस्था. नारळीकरांच्या विज्ञानकथा तुमच्यातल्या कुणी ना कुणी वाचल्या असतीलच.

आता पहिला प्रश्न. सूर्य तर रोज डोक्यावर आहे, मग त्याचा फोटो काढायला इतकं लांब का जायचं? कारण या कॅमेऱ्याला हवे आहेत अतिनील किरण. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण आपल्या ओळखीचे आहेत. ऊसतोडीला गेलेल्या बाईचा चेहरा आणि हात रापतात, दोरीवरचं लुगडं चार उन्हाळ्यांत फिकं पडतं, त्यात मोठा वाटा यांचाच. त्यातले जे जास्त घातक, ते वर हवेतला ओझोनचा थर अडवून धरतो. आपल्या जिवासाठी ते फार चांगलं आहे. पण त्यामुळेच जमिनीवर कितीही मोठी दुर्बीण लावली तरी त्या किरणांतला सूर्य दिसत नाही. तो बघायचा तर ओझोनच्या वर गेलंच पाहिजे.

आणि बघायचं कशासाठी, तर सूर्याचं एक कोडं आहे. सूर्याचा दिसणारा पृष्ठभाग साधारण साडेपाच हजार अंश तापलेला असतो. चुलीपासून लांब गेलं की धग कमी होते, हे आपल्याला माहीत आहे. सूर्याचं उलटं आहे. पृष्ठभागापासून वर गेलं की धग वाढत जाते, आणि सगळ्यात बाहेरच्या थरात ती दहा लाख अंशांच्याही पुढे जाते. ही उष्णता मधल्या थरांतून वर कशी पोचते, ते सूट बघतो. त्यात 11 वेगवेगळे फिल्टर आहेत. एकेका फिल्टरमधून सूर्याचा वेगळा थर दिसतो.

आत काय आहे ते थोडक्यात सांगतो. तोंडाशी एक झाकण. त्याच्यामागे अशी काच, की ती ऊन बहुतेक सगळं परत फेकते आणि शंभरातला एक हिस्साही आत येऊ देत नाही, नाहीतर आतलं सगळं तापून जाईल. मग दोन आरसे, फिल्टर बसवलेली चाकं, आणि शेवटी बोटभर लांबीरुंदीची चिप. त्या चिपवर 4096 ओळी आणि प्रत्येक ओळीत 4096 घरं, म्हणजे 1 कोटी 67 लाखांच्या वर घरं. अंगणात ओळीने वाट्या मांडून ठेवल्या आणि पाऊस पडला, तर कुठे किती पडला ते प्रत्येक वाटीवरून कळेल. तसंच इथे, पावसाच्या जागी उजेड. फक्त एक अडचण असते. चिप स्वतः गरम असली की उजेड नसतानाही वाट्यांत थोडं ‘पाणी’ साठतं. म्हणून ती शून्याखाली पन्नास अंशांहून जास्त थंड ठेवतात. त्यासाठी फ्रीजसारखी मोटर नाही. सूर्याकडे पाठ केलेला एक पत्रा चिपची उष्णता काळ्या आकाशात टाकत राहतो.

ही थंड चिपच यंत्राचा सगळ्यात नाजूक भाग, आणि तिचा मोठा शत्रू धूळ नाही, तर वाफ. चुलीच्या वर जी फळी असते, तिच्यावरचे डबे महिनाभर पुसले नाहीत तर काय होतं? चिकट पिवळा थर चढतो. तेल तर आपण त्यांच्यावर कधी सांडलेलं नसतं! फोडणीची वाफ वर जाऊन थंड डब्यावर बसते. अगदी हेच अवकाशात होतं. डिंक, वायरीवरचं प्लास्टिक, रंग, यांच्यातून सूक्ष्म वाफ निघत राहते आणि सगळ्यात थंड जागा शोधून तिथे बसते. वरून अतिनील किरण पडले की तो थर भाजल्यासारखा पक्का होतो आणि काळवंडतो. मग कॅमेरा हळूहळू आंधळा होत जातो. बाकी सगळं ठणठणीत, फक्त दिसत नाही. आणि पुसायला हात पोचत नाही.

म्हणून अशा यंत्राची जुळणी फार स्वच्छ खोलीत करतात. किती स्वच्छ? एक घनफूट हवेत, म्हणजे साधारण दोन घागरींत मावेल एवढ्या हवेत, अर्ध्या मायक्रॉनचे किंवा त्याहून मोठे कण शंभरापेक्षा जास्त नकोत. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या साध्या हवेत असे कण लाखांनी असतात. आत जाणाऱ्याने डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा, टोपी, मास्क, हातमोजे घालायचे. पावडर नाही, अत्तर नाही, क्रीम नाही. काजळ घातलेली बाई असो की केसांना तेल लावलेला बुवा, नियम सगळ्यांना सारखाच. काही भाग बसवण्याआधीच रिकाम्या, हवा काढलेल्या भट्टीत तापवून त्यांची वाफ काढून टाकतात. तूर कडकडीत वाळवल्याशिवाय आपण कणगीत भरत नाही, त्यातलाच हा प्रकार.

जुळणी झाली की परीक्षा सुरू. रॉकेट उडताना एवढं हादरतं, की खडीच्या रस्त्यावरची एसटी त्यापुढे पाळणा वाटावी. म्हणून यंत्राला हादरे देणाऱ्या टेबलावर घट्ट बांधून तिन्ही दिशांनी हलवतात. आता यंत्र बंद आहे, आत काही ढिलं झालं का ते कसं कळणार? इथली युक्ती आम्हाला फार आवडली, कारण ती आपलीच आहे. मडकं घेताना आपण टिचकी मारून बघतो. खणखणीत वाजलं तर पक्कं, बद्द वाजलं तर तडा. इथेही मोठे हादरे देण्याआधी यंत्राला हलकेच थरथरवून त्याचा ‘आवाज’ नोंदवून ठेवतात, आणि हादरे झाल्यावर परत तसंच करतात. दोन्ही नोंदी जुळल्या तर ठीक. जरा जरी फरक पडला तरी आत काहीतरी सरकलं आहे, आणि ते शोधायचं.

मग एका मोठ्या लोखंडी पिंपात ठेवून सगळी हवा काढून घेतात. आलटून पालटून तापवतात आणि गार करतात, आणि तशात कॅमेरा चालू करून बघतात. झाकण उघडतं का, चाकं फिरतात का, चित्र धूसर होतं का. थंडीने धातू आखडतो, आणि दोन आरशांमधलं अंतर केसभर बदललं तरी चित्र बिघडतं. खऱ्या सूर्यावर पूर्ण परीक्षा घेता येत नाही ती नाहीच, कारण ते किरण खाली येतच नाहीत. म्हणून ज्यांचा उजेड आधीच मोजलेला आहे असे दिवे वापरतात.

आणि परीक्षेचं साधनच खोटं असलं तर? असं घडलेलं आहे. अमेरिकेची हबल दुर्बीण 24 एप्रिल 1990 ला वर गेली आणि फोटो अंधुक यायला लागले. तिच्या 2.4 मीटरच्या आरशाची कड दोन मायक्रॉनने, केसाच्या जवळजवळ पन्नासाव्या भागाने, जास्त घासली गेली होती. कारागिरांनी आरसा निष्काळजीपणे घासला असं नव्हतं. ज्या उपकरणाने तो तपासत होते, त्यातलीच एक काच 1.3 मिलिमीटर चुकीच्या जागी बसली होती. बाजारातल्या तागडीला पासंग असला की दिवसभरातलं प्रत्येक वजन बरोबरच दिसतं, तसं झालं. दुसऱ्या एका उपकरणाने शंका दाखवली होती, पण जास्त भारी उपकरण खोटं कसं असेल म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष झालं. आम्हाला यात नवल वाटलं नाही. गरिबाची तागडी खरी असली तरी सावकाराच्या वहीपुढे तिचं कोण ऐकतं? हबलचं नशीब एवढंच, की ती जमिनीपासून सहाशे किलोमीटरच्या आसपास फिरत होती. डिसेंबर 1993 मध्ये अंतराळवीर तिथे गेले आणि त्यांनी तिला जणू चष्मा लावून दिला. सूटला चष्मा लावायला कुणी जाणार नाही.

2 सप्टेंबर 2023 ला सकाळी 11 वाजून 50 मिनिटांनी श्रीहरिकोटाहून आदित्य उडालं. 20 नोव्हेंबरला सूट चालू केला, आणि 6 डिसेंबरला त्याने पहिले फोटो काढले. 200 ते 400 नॅनोमीटरच्या किरणांत सूर्याचं पूर्ण बिंब त्याआधी असं कुणी टिपलेलं नव्हतं. झाकण उघडलं, चाकं फिरली, चिप स्वच्छ होती. 6 जानेवारी 2024 ला यान ठरल्या जागी पोचलं. 22 फेब्रुवारी 2024 ला सूर्यावर फार मोठा भडका उडाला, तोही सूटने पकडला.

आता आमच्या गटात जो वाद झाला, तो सांगितलाच पाहिजे. आदित्यसाठी 2019 साली सुमारे 378 कोटी रुपये मंजूर झाले होते, रॉकेटचा खर्च वेगळा. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते, तिथल्या बाईने हा आकडा ऐकला की तिला तळी, विहिरी आणि पाइपलाइनच दिसणार. आमच्यातल्या निम्म्या जणींचं म्हणणं हेच होतं, आणि त्यांना अडाणी म्हणायची कुणाची हिंमत नाही. दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं, की मोबाइलवर येणारा पावसाचा अंदाज आणि टीव्ही, दोन्हींमागे उपग्रह असतात, आणि सूर्य खवळला की उपग्रह आणि विजेच्या तारा दोन्हींना धोका असतो. 13 मार्च 1989 ला सूर्याच्या वादळाने कॅनडात क्युबेक प्रांताची वीज नऊ तास गेली, साठ लाख लोक अंधारात. यावर एक जण म्हणाली, नऊ तासांचं काय घेऊन बसलात, इथे या आठवड्यात बघा! सगळ्या हसलो. पण दवाखान्यात ऑक्सिजनवर असलेल्या माणसाला नऊ तास म्हणजे काय, ते कोरोनात सगळ्यांनी बघितलं आहे.

एक मात्र स्पष्ट सांगतो. सूटमुळे आपल्याकडे पाऊस कधी पडेल ते कळणार नाही. तसं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. सूर्याचे अतिनील किरण कमीजास्त झाले की वरच्या हवेत आणि ओझोनच्या थरात काय बदल होतात, सूर्यावर भडके कसे उठतात, एवढं समजायला त्याची मदत होते. त्यातून पुढे वादळाचा अंदाज जास्त नेमका होत जाईल. टँकरचा प्रश्न ग्रामपंचायतीत आणि तहसीलमध्येच विचारायचा आहे, आणि तो आम्ही विचारतोच आहोत. वाद मिटला असं मात्र समजू नका. पुढच्या बैठकीत तो परत निघणार.

जाता जाता एक उपयोगाची गोष्ट. दर वर्षी 28 फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, आयुका सगळ्यांसाठी दारं उघडते. तिच्या आवारात शाळेच्या मुलामुलींसाठी मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे, पु. ल. देशपांडे यांच्या प्रतिष्ठानच्या देणगीतून उभी राहिलेली. ज्यांची पोरं पुण्यात शिकायला किंवा कामाला आहेत, त्यांनी तो दिवस लक्षात ठेवून पोरांना तिकडे पाठवा. जमलं तर स्वतःही जा, आणि सूटबद्दल तिथल्यांना विचारा, म्हणावं घाटनांदूरच्या रेडिओवर ऐकलं.