वाऱ्याच्या तोंडचे विमानघर
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



चिटणीसांनी आम्हांस पत्र धाडले त्यात ‘विमानाचा शोध’ असा विषय सुचविला होता. विषय मोठा आणि आम्ही लहान. जुन्या अकरावीचे मॅट्रिक आणि पुढे आयुष्यभर प्राथमिक शाळेतली फळा व खडू, एवढीच आमची पुंजी. विमान का उडते हे सांगण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु ते विमान ज्या छपराखाली तयार झाले त्या छपराविषयी बोलण्याचा थोडासा अधिकार आम्हांस खचित आहे. कारण आमचे वडील सुतार, आजे सुतार, आणि दसऱ्यास ज्या घरात करवत, रंधा व पटाशी यांस हळदकुंकू वाहिले जाते त्याच घरात आमचा जन्म झाला. तेव्हा विल्बर व ऑर्व्हिल राइट या बंधूंच्या विमानाऐवजी आज आम्ही त्यांच्या विमानघराची कथा सांगणार आहोत. या कथेशी आपल्या वसतिगृहाच्या भोजनशाळेचाही संबंध आहे. तो पुढे येईल.

हे बंधू अमेरिकेतील डेटन गावचे, सायकली बांधणारे व विकणारे. दोघांनाही शालान्त प्रमाणपत्र मिळाले नव्हते. घरात पदवी होती ती धाकट्या बहिणीपाशी. कॅथरिन ही ओबर्लिन महाविद्यालयाची पदवीधर असून गावच्या शाळेत लॅटिन शिकवीत असे. भावांनी रानावनातून लिहिलेली बरीचशी पत्रे या शिक्षिकेच्याच नावची आहेत आणि त्यांच्यामुळेच पुढील हकीगत आपणांस इतकी बारकाईने ठाऊक आहे.

उडण्याच्या प्रयोगास वारा हवा. यंत्र नसलेले पंख वाऱ्याशिवाय मनुष्यास उचलीत नाहीत. म्हणून बंधूंनी सरकारी हवामानखात्याकडे चौकशी केली आणि नॉर्थ कॅरोलिना राज्याच्या किनाऱ्यावरील किटी हॉक हे खेडे निवडले. एका बाजूस अटलांटिक महासागर, दुसऱ्या बाजूस खाडी, मध्ये वाळूचा अरुंद दांडा. झाडे विरळ, वारा भरपूर. मात्र जो वारा विमानास हवा होता तोच विमानघराचा वैरी होता. जागा बदलावी तर प्रयोग बुडतो. घर बांधावयाचे ते वाऱ्याच्या तोंडावरच बांधावयाचे, असा तो पेच होता.

१९०० साली त्यांनी नुसता तंबू ठोकला. रात्री वारा चढला की कापड मेघगर्जनेसारखे फडफडे आणि अंथरुणातून उठून दोघांना तंबू धरून बसावे लागे. पुढील वर्षी ते शहाणे झाले. किटी हॉकपासून चार मैलांवर किल डेव्हिल हिल्स नावाच्या वाळूच्या टेकड्यांपाशी त्यांनी १६ फूट रुंद व २५ फूट लांब अशी लाकडी छपरी उभारली. त्या वर्षीच्या त्यांच्या पंखयंत्राची लांबी २२ फूट होती. म्हणजे जिन्नस मोजून पेटी केली. दोन्ही टोकांच्या भिंती वरच्या अंगास बिजागऱ्यांवर टांगलेल्या होत्या. बाजारातील टपरीवाला फळी वर उचलून खाली काठीचा टेकू देतो, तशीच ही दारे. उचलली की मांडव, सोडली की भिंत. सुतारकीच्या दृष्टीने ही युक्ती आम्हांस फार आवडते. बाजूस उघडणारे मोठे दार वाऱ्यात माणसाच्या हातून सुटते व बिजागऱ्या उपटून नेते. वरून टांगलेले दार निदान आपल्या वजनाने खाली येऊ पाहते.

१९०२ च्या ऑगस्टअखेर ते परतले तेव्हा छपरी पडलेली नव्हती, परंतु तिचे उंट झाले होते. हिवाळ्यातील वाऱ्याने दोन्ही टोकांखालची वाळू उकरून नेली होती. मधला भाग होता तेथेच राहिला, टोके सुमारे दोन फूट खचली आणि आढ्यास कुबड आले. येथे क्षणभर थांबावे असे आम्हांस वाटते. आपण घर बांधताना वारा भिंतीवर ढकलतो एवढाच विचार करतो. परंतु अडथळ्यास बगल देऊन जाताना वाऱ्याचा वेग कोपऱ्यांपाशी वाढतो आणि तेथील सुटी वाळू तो आधी उचलतो. ओढ्याच्या पाण्यात उभे राहिले म्हणजे टाचांखालची रेती जाते, तोच प्रकार. बंधूंनी छपरी उचलून खाली नवे खांब दिले, मागे राहण्यासाठी खोली वाढविली आणि आपली अंथरुणे वर तुळयांवर नेली. त्याच शरद ऋतूत, त्याच कुबड काढलेल्या छपरीतून निघालेल्या ३२ फुटी पंखयंत्रावर त्यांना हवेत तोल सांभाळण्याची खरी विद्या साधली.

१९०३ च्या सप्टेंबरात पुन्हा पाहतात तो वादळाने तीच इमारत पायाच्या खांबांवरून ढकलून समुद्राच्या बाजूस काही फूट सरकविलेली. तरीही त्यांनी ती मोडीत काढली नाही. शेजारी ४४ फूट लांब व १६ फूट रुंद असे दुसरे विमानघर बांधले, कारण यंदाच्या इंजिनवाल्या विमानाचे पंख ४० फुटांहून अधिक होते. आणि ऑक्टोबरात मोठे वादळ आले. वाऱ्याचा वेग ताशी ७५ मैलांपर्यंत पोचल्याचे विल्बरने बहिणीस लिहिले आहे. राहत्या घरावरील डांबरी कागदाचा एक कोपरा सुटला. कोपरा सुटला की पाठोपाठ छप्पर जाणार, हे दोघांनीही ओळखले. ऑर्व्हिलने भावाचा जाड डगला चढविला, शिडी घेतली आणि बाहेर पडला. प्रथम वाऱ्याने त्यासच पन्नासेक फूट मागे नेले. कसाबसा शिडीवर चढला तो डगला वाऱ्याने उलटा होऊन डोक्यावर गुंडाळला गेला. हातोडी व खिळे डगल्याच्या खिशात, खिसा डोक्याच्या वर! खाली उतरावे लागले. दुसऱ्या खेपेस खिळे तोंडात, हातोडी हातात, आणि मागून विल्बर डगल्याची शेपटे धरून शिडीवर. चार घावांपैकी तीन छपरावर नाहीतर बोटांवर पडत होते, असे ऑर्व्हिलने मागाहून सांगितले. विल्बर अंगावर साधा कोट घालून भिजत उभा होता आणि भावाच्या दिरंगाईने वैतागला होता. कौलारू घरात वाढलेल्या आपणांपैकी कोणास हे चित्र अनोळखी वाटेल?

मुख्य शिकवण वेगाच्या हिशेबात आहे. आम्ही मास्तर, तेव्हा एक उदाहरण फळ्यावर मांडल्याशिवाय आमचे भागत नाही. आपल्या देशात इमारतींवरील वाऱ्याचा भार भारतीय मानक ८७५, भाग ३, याप्रमाणे काढतात. सेकंदास मीटरमध्ये वेग घ्या, त्याचा वर्ग करा व ०.६ ने गुणा. चौरस मीटरवरील दाब न्यूटनमध्ये मिळतो. ताशी २७ मैलांच्या वाऱ्यास हा दाब सुमारे ९ किलो भरतो; ताशी ७५ मैलांच्या वाऱ्यास सुमारे ६९ किलो. वेग पावणेतीनपटीने वाढला, भार पावणेआठपटीने. दुसरे असे की, हा भार छपरास खाली दाबीत नाही, बहुधा वर ओढतो. आणि तिसरे दाराचे. दारे-खिडक्या बंद असता आतल्या दाबासाठी त्या भाराचा ०.२ एवढाच अंश धरतात. मोठे दार उघडे असेल तर ०.७ धरतात. बंधूंच्या नव्या विमानघराचे छप्पर सुमारे ६५ चौरस मीटर होते. त्या वादळात दारे बंद असता आतून छपरास उचलणारा जोर सुमारे ९०० किलो. वाऱ्याच्या बाजूचे दार उघडे राहते तर तोच ३,००० किलोंहून अधिक, आणि बाहेरची ओढ निराळी. आज ज्यांस स्वतःचे लहान विमान ठेवण्यास घर बांधावयाचे असते, त्यांचा अभियंता प्रथम दार कोणत्या दिशेस, ते बंद किती घट्ट बसते, आणि छपराचा ताण कैचीतून खांबात व खांबातून काँक्रिटच्या पायात कसा उतरतो हेच विचारतो, पत्रा किती जाड हे नंतर.

हे आम्ही पुस्तकातून शिकलो असे मात्र नव्हे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. त्यापूर्वीच आम्ही निवृत्त झालो होतो. परंतु ज्या शाळेत आमची शेवटची वर्षे गेली ती त्याच वाटेवर होती. चार दिवसांनी आम्ही तेथे पोचलो. तिचे छप्पर आंब्याच्या बागेत पालथे पडलेले. आम्ही एकेक हूक हाताने तपासला. हूक शाबूत होते, पत्रे वाशांना घट्ट होते, वासे कैच्यांना घट्ट होते. सारे छप्पर एकजीव होते आणि भिंतीस मात्र कशानेच बांधलेले नव्हते, नुसते आपल्या वजनावर बसविले होते. समुद्राकडील वर्गाचे दार कडीवाचून राहिल्याने आत ढकलले गेले होते. ती कडी तुटल्याचे आम्हीच एकदा हजेरीपटाच्या मागे टिपून ठेवले होते आणि मग विसरून गेलो. टाळेबंदीमुळे वर्गात मुले नव्हती, हे दैव.

असो. १७ डिसेंबर १९०३ चे तुम्ही सर्व जाणता. ताशी वीस ते सत्तावीस मैलांच्या वाऱ्यात चार उड्डाणे झाली. पहिले १२ सेकंदांचे, चौथे ५९ सेकंदांचे व ८५२ फुटांचे. त्यापुढचे मात्र शाळेच्या पुस्तकात सहसा नसते. चौथ्या उड्डाणानंतर विमान छपरीपाशी आणून ठेवले होते व मंडळी गप्पा करीत उभी होती. एक झोत आला आणि विमान उलटले. किनाऱ्यावरील जीवरक्षक जॉन डॅनिएल्स त्यास धरावयास गेला तो आत अडकून त्याबरोबर गडगडला; सुदैवाने वाचला. विमान पार मोडले आणि पुन्हा कधी उडाले नाही. ज्या विमानासाठी तीन वर्षे छप्पर सांभाळले, ते छपराबाहेरच्या काही क्षणांत गेले. १९०८ च्या एप्रिलात बंधू परतले तेव्हा दोन्ही इमारतींची वाताहत झालेली होती. आज तेथे राष्ट्रीय स्मारक आहे व त्या छपऱ्यांच्या प्रतिकृती उभ्या आहेत. टेकडीवर १९३२ साली साठ फुटी दगडी स्तंभ झाला, पण त्याआधी वाऱ्याबरोबर सरकणारी ती टेकडी जागेवर राहावी म्हणून तीवर गवत लावावे लागले.

आता आपल्या भोजनशाळेविषयी. गेल्या वर्षी झालेल्या पत्र्याच्या छपराचा खर्च आपण वाचविला म्हणून अहवालात समितीचे अभिनंदन छापले आहे. आम्हीही त्या समितीत होतो. काल सायंकाळी शिडी लावून पाहिले. पश्चिमेच्या रांगेतील कैच्यांखाली पायपट्ट्या आहेत, त्यांस भोके आहेत, भोकांत बोल्ट नाहीत. पश्चिमेचे मोठे दार बाहेर उघडते आणि त्यास एकच कडी आहे. दुपारच्या पंगतीस विद्यार्थी तेथेच बसतात. पावसाळ्यास अद्याप अवधी आहे. येत्या रविवारी सकाळी सात वाजता आम्ही पाना, पहार व वडिलांचा गिरमिट घेऊन तेथे येत आहो. बोल्ट आमच्या खर्चाने येतील. समितीतील बाकीच्या सभासदांनी, आणि ज्यांच्या घरी अद्याप हत्यारे आहेत अशा तरुणांनी यावे, अशी विनंती आहे.